हवेला चाकात बसवणारा पशुवैद्य

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या घरात दोन कामे ठरलेली असतात. सौ. लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधते आणि मी स्कूटर घेऊन कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात जातो. पहिले काम तिला तिच्या आईने शिकवले. दुसरे मला एका अपघाताने शिकवले.

त्या वर्षी मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता. दुकानातल्या मामांनी दोनदा सांगितले आणि मी दोनदा मान डोलावून घरी आलो. शाळा सुरू व्हायची होती. वह्या, गणवेश, रेनकोट असे खर्च समोर असताना टायर आणखी महिनाभर चालेल, असा माझा हिशेब होता. मृगाच्या पहिल्याच सरीत वळणावर ब्रेक दाबला आणि स्कूटर आडवी झाली. मागे मुलगी बसली होती. तिचा गुडघा सोलवटला, एवढ्यावरच निभावले. घरी गेल्यावर तिने आईकडे माझी तक्रार केली नाही. ते मला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी मामा नवा टायर चढवत होते. दुकानाच्या भिंतीवरच्या जुन्या, रंग उडालेल्या पत्र्यावर एक नाव दिसले. डनलॉप. आमच्या पिढीला या नावाने टायरच्या आधी गादी आठवते. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली ती मऊ ‘डनलॉपची गादी’! पण हे नाव एका माणसाचे आहे आणि तो माणूस धंद्याने गुरांचा डॉक्टर होता, हे मला नंतर वाचनातून कळले.

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या खेड्यात झाला. पशुवैद्यकाचे शिक्षण त्याने एडिंबरोला घेतले, १८६७ साली तो आयर्लंडला गेला आणि पुढे बेलफास्ट शहरात त्याने चांगला जम बसवला. दाढीधारी, अबोल आणि आपली प्रकृती नाजूक आहे अशी कायम समजूत असलेला हा गृहस्थ. कारखानदार होण्याचे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्याचा मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवत असे. त्या काळी चाकांवर भरीव रबराची पट्टी असायची आणि बेलफास्टचे रस्ते दगडी होते. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायची. १८८७ च्या ऑक्टोबरात बापाने यावर उपाय शोधायला घेतला. रबराशी त्याची ओळख होतीच. त्याने सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली, पातळ रबराची नळी करून तिच्या कडेला बसवली, वरून कापड ताणून ठोकले आणि नळीत हवा भरली. मग घराच्या अंगणात त्याने सायकलचे जुने चाक आणि हे नवे चाक ढकलून पाहिले. जुने चाक मध्येच थांबले. नवे चाक अंगण पार करून फाटकाच्या खांबावर आदळले आणि उसळी घेऊन मागे आले.

यातले मर्म साधे आहे. भरीव रबर खड्ड्याचा धक्का तसाच वर पाठवते. कोंडलेली हवा क्षणभर दबते, धक्का पोटात घेते आणि पुन्हा फुगते. गाडीचे वजन खरे तर रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. रबर त्या हवेला फक्त धरून ठेवते.

डिसेंबर १८८८ मध्ये डनलॉपला पेटंट मिळाले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे फुगीर टायर लावून शर्यतीत उतरला. टायर पाहून लोक हसले. ह्यूमने चारही शर्यती जिंकल्या. हरलेल्यांत डब्लिनचे व्यापारी हार्वे द्यू क्रो यांचे मुलगे होते. मुलांच्या पराभवाचे कारण बापाने चटकन ओळखले आणि त्याच वर्षी डनलॉपला बरोबर घेऊन कंपनी उभी केली.

मात्र लवकरच डनलॉपला कळवण्यात आले की त्याचे पेटंट रद्दबातल आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच ही कल्पना नोंदवली होती. तेव्हा घोडागाड्यांचे दिवस होते, सायकलचे युग यायचे होते, म्हणून ती विस्मरणात गेली. मूळ हक्कच गेला. सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढणे म्हणजे मोठा व्याप. १८९० साली चार्ल्स वेल्च याने कडेत तार घालून टायर काढता-घालता येईल अशी सोय केली. हे पेटंट कंपनीने घेतले आणि तिचा जीव वाचला. टायरच्या कडेतली ती तार आजही मामांच्या पहारीखाली येते.

डनलॉप मात्र १८९५ च्या सुमारास कंपनीतून बाहेर पडला. १८९६ साली धंदा तीस लाख पौंडांना विकला गेला, तेव्हा तो त्यात नव्हता. तो डब्लिनमध्ये कापडाच्या व्यवसायात लक्ष घालत राहिला. अखेरच्या काळात कंपनीच्या जाहिरातींत आपले चित्र छानछोकी पोशाखात रंगवतात, म्हणून या साध्या माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागली. स्वतःच्याच नावाच्या कंपनीविरुद्ध! २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनला त्याचे निधन झाले. आमची ती गादी त्याने पाहिलीही नाही. फेसाळ रबर कंपनीच्या प्रयोगशाळेत निघाले ते १९२९ साली.

हे सारे वाचले तेव्हा माझ्या मनात तो अपघात पुन्हा उभा राहिला. पोराला रस्त्याचा धक्का बसू नये म्हणून एका बापाने चाकच नवे घडवले. मला तर घडवायचे काहीच नव्हते, फक्त वाकून पाहायचे होते.

आता वाकून पाहतो. मामांनी शिकवलेले ध्यानात ठेवले आहे. टायर मध्यभागी झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना. गाडी फिरून आली की आतली हवा तापते आणि काटा वर दाखवतो. नक्षीच्या खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी त्यांतून बाहेर पडते. खाचेच्या तळाशी रबराचा बारीक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. उन्हाने बाजूला भेगा पडल्या असतील तर नक्षी शाबूत असूनही भरवसा नाही. आणि चारचाकीवाल्यांनी स्टेपनीतली हवाही पाहावी, कारण ती नेमकी पावसातल्या रात्री लागते.

मुलगी आता स्वतःची स्कूटर चालवते. यंदाही मेअखेर तिची गाडी मीच दुकानात नेली. ती हसली, पण किल्ली मुकाट्याने दिली. मामांनी हवा भरली, व्हॉल्व्हवर थुंकीचे बोट लावून बुडबुडा येतो का पाहिले आणि मान हलवली. बुडबुडा आला नाही. मी निश्चिंत मनाने घरी आलो.