बदकाच्या पिल्लाची ‘आई’

व्हिएन्नाजवळ, डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबर्ग हे गाव आहे. तिथे एका शेजाऱ्याकडून लहानग्या कोनराड लोरेन्झला बदकाचे एक दिवसाचे पिल्लू मिळाले. पिल्लू त्यालाच आई समजून मागे मागे फिरू लागले. त्या आनंदात मुलाला पाणपक्ष्यांचे जे वेड लागले, ते जन्मभर सुटले नाही.

लोरेन्झचा जन्म १९०३ चा. वडील अ‍ॅडॉल्फ लोरेन्झ नामवंत अस्थिशल्यविशारद. बाळाचा जन्मतः निखळलेला खुब्याचा सांधा चिरफाड न करता बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. मुलाचे घरभर पसरलेले प्राणी त्यांनी खपवून घेतले, पण त्याने डॉक्टर व्हावे हा आग्रह सोडला नाही. १९२८ मध्ये तो डॉक्टर झाला. शरीररचना शिकतानाच त्याच्या ध्यानात आले, की हाडांची करतात तशी वर्तनाचीही तुलना करता येते.

पुढे त्याने रानबदकांची पिल्ले वाढवली. ती नुसत्या माणसामागे येईनात. मग हा दाढीवाला डॉक्टर उकिडवा बसून, ‘क्वॅक क्वॅक’ करत बागेतून सरकू लागला. पिल्ले उंच गवतात झाकलेली. कुंपणापलीकडून पाहणाऱ्यांना काय वाटले असेल!

अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच काळात बदक-हंसांच्या पिल्लांच्या मनावर ‘आई’चा ठसा उमटतो. ती वेळ टळली की तो नीट उमटत नाही. याला ‘इम्प्रिंटिंग’ म्हणतात. लोरेन्झच्या आधीही हे काहींनी पाहिले होते. १९३५ मध्ये त्याने त्याची सविस्तर मांडणी केली. १९७३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्याला दोघांसोबत विभागून मिळाले.

मात्र हा नियम माणसाच्या बाळाला जसाच्या तसा लावू नये. बाळाचा जिव्हाळा महिनोन्‌महिने घडत जातो. बाळ काचेच्या पेटीत असल्याने पहिल्या दिवशी कुशीत घेता आले नाही, तर आईने नाते तुटले असे मानू नये.

पक्ष्यांवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढताना लोरेन्झही घसरला. १९३८ मध्ये तो नाझी पक्षात गेला आणि वंशशुद्धीच्या विचारांना विज्ञानाचा मुलामा देणारे लेखन त्याने केले. तो डाग पुसला गेलेला नाही. युद्धात लष्करी डॉक्टर असताना १९४४ मध्ये तो रशियनांच्या कैदेत सापडला. तिथे सिमेंटच्या पिशव्यांचा कागद आणि पोटॅशियम परमँगनेटची शाई करून त्याने पुस्तक लिहिले. १९४८ मध्ये सुटून घरी आला तेव्हा सोबत ते हस्तलिखित होते आणि छावणीत पाळलेला, साळुंकीच्या कुळातला एक स्टार्लिंग पक्षी.