रेव्हरंड ना. वा. टिळक आणि ‘देवाचा दरबार’

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे नाव अर्वाचीन मराठी कवितेच्या इतिहासात फुलांमुलांचे कवी म्हणून रूढ झाले आहे. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी स्थापन केलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाचा उल्लेख मात्र चरित्रातील एक तपशील म्हणून केला जातो. वस्तुतः हा दरबार म्हणजे त्यांच्या जीवनाची स्वाभाविक परिणती होती.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. या ग्रंथाच्या वाचनाने त्यांचे अंतःकरण पालटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराची पहिली झळ घराला लागली. लक्ष्मीबाई सुमारे साडेचार वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या, तेव्हाही काही काळ आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या. त्यांच्या मनातील जातिभेदाची गाठ सुटली ती युक्तिवादाने नव्हे, तर सहवासातून आणि स्वतःच्या चिंतनातून. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या मनाची गती ओळखून थांबावे लागते, हा धडा टिळकांना धर्मपीठावरून नव्हे, तर स्वतःच्या संसारातून मिळाला असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत असताना अहमदनगर ही टिळकांची कर्मभूमी झाली. तेथील त्यांच्या घराचे दार सर्वांना उघडे असे. निराश्रित मुलांना तेथे आसरा मिळाला. बालकवी ठोमरे यांनाही या दांपत्याने पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. पाहुण्यांच्या या राबत्याचा भार अर्थातच लक्ष्मीबाईंवर पडे. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’तून टिळकांच्या औदार्याबरोबरच त्या औदार्यामुळे संसाराची होणारी ओढाताणही प्रत्ययास येते. आतिथ्याचे श्रेय केवळ टिळकांना देणे म्हणूनच अपुरे ठरते.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन करताना आणि भजन-कीर्तनाच्या द्वारे लोकांत वावरताना एक प्रश्न त्यांच्यापुढे सतत उभा होता: परदेशी वेषातील ख्रिस्तमंडळी महाराष्ट्राला आपली का वाटावी? त्याचे उत्तर त्यांनी वारकरी परंपरेत शोधले. लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावून मावळातून देहूकडे वाहत जाणाऱ्या इंद्रायणीच्या काठी तुकोबांची अभंगवाणी प्रकटली. त्या वाणीच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी टिळकांची धारणा होती. त्यामुळे ज्यांना उपदेश करावयाचा त्यांची भक्ती आधी ऐकून घेणे त्यांना अगत्याचे वाटले. ‘अभंगांजली’तील रचना हे या श्रवणाचेच फळ होय.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळक सातारा येथे आले आणि तेथे ‘देवाचा दरबार’ स्थापन झाला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात समान स्थान होते. यात मोठा धोका होता. बाप्तिस्म्याचे बंधन शिथिल केल्याने मंडळीची शिस्त बिघडेल, अशी शंका स्वकीयांना येणे शक्य होते. तर हिंदू समाजाला तो धर्मांतराचा नवा मार्ग वाटणेही अशक्य नव्हते. टिळकांनी हा धोका जाणूनच पत्करला. मिशनच्या वेतनाचा आधार सुटला आणि त्यांच्या कुटुंबाला अनिश्चिततेला तोंड द्यावे लागले.

या प्रयोगाला काळ मात्र अनुकूल नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि प्रवर्तकाच्या अभावी दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दरबाराला मात्र तसा वारस लाभला नाही. संस्था म्हणून तो अल्पायुषी ठरला, हे मान्य करावे लागते. तथापि मराठी ख्रिस्ती उपासनेत टिळकांची भजने आजही गायिली जातात. दरबाराच्या भिंती उरल्या नाहीत, तरी त्यामागची दृष्टी या भजनांतून टिकून राहिली आहे.