रानाचा जाणकार : व्यंकटेश माडगूळकर

सातारा जिल्ह्यातील महादेवाच्या डोंगरांत माण नदी उगम पावते, आटपाडीच्या बाजूने वाहत पुढे सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि भीमेस मिळते. तिच्या दोन्ही काठांचा मुलूख तो माणदेश. मुलुखाला नाव नदीचे मिळाले खरे, परंतु पाण्याचे दुर्भिक्ष मात्र कायमचे. सह्याद्रीवर कोसळणारे ढग येथवर येईतो रिते झालेले असतात. दूरवर पसरलेले माळ, त्यांवर तरवडाची झुडपे, बोरी-बाभळी आणि मधूनच चरणारे मेंढरांचे कळप, असे येथले दृश्य आहे.

परक्या माणसास हा मुलूख ओसाड वाटतो. पण पाहणाऱ्यास तो तसा नाही. टिटवी येथे उघड्या जमिनीवरच अंडी घालते. अंड्यांचा रंग भोवतालच्या खड्यांसारखा करडा, ठिपकेदार; त्यामुळे ती पायापाशी असली तरी ओळखू येत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडी विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरण पक्ष्याचा नर खोपा विणू लागतो. मृगाच्या सरी पडल्या की लाल मखमली किडे मातीवर फिरताना दिसतात, वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्या उडतात आणि पाखरांची चंगळ होते. तितर, होले, चंडोल, ससे, खोकड, कोल्हे अशी कितीतरी मंडळी या माळाच्या आश्रयाने नांदतात.

याच मुलुखातील माडगुळे या खेड्यात १९२७ साली व्यंकटेश दिगंबर माडगूळकर यांचा जन्म झाला. हे गाव त्या काळी औंध संस्थानात होते. आज ते सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. वडील दिगंबरपंत संस्थानच्या नोकरीत होते. गीतरामायणाचे कवी गजानन दिगंबर माडगूळकर हे व्यंकटेशांचे थोरले बंधू. घरची स्थिती ओढगस्तीची असल्याने व्यंकटेशांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. इंग्रजी वाचावयास ते पुढे आपले आपणच शिकले. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी उडी घेतली आणि काही काळ भूमिगत राहून काढला. चित्रकलेची ओढ त्यांना लहानपणापासून होती. ती शिकण्यासाठी ते कोल्हापुरास गेले. पुढे ते लेखक म्हणून प्रसिद्धीस आले, तरी चित्रकाराची दृष्टी त्यांच्यापाशी अखेरपर्यंत राहिली. ज्याला चित्र काढावयाचे आहे, त्याला कोल्हा नुसता पाहून चालत नाही. त्याचे कान कसे वळतात, शेपूट कशी पडते, हे न्याहाळावे लागते.

लहान वयातच व्यंकटेशांनी एका खेड्यात शिक्षकाची नोकरी केली. त्या अनुभवांतून १९५५ साली 'बनगरवाडी' ही कादंबरी जन्मास आली. धनगरांच्या लहानशा वाडीत आलेल्या तरुण मास्तराची आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणाऱ्या त्या वाडीची ही कथा आहे. धनगर हे स्वतःच मोठे निरीक्षक. वारा कोठून सुटला, मेंढरू का बुजले, रात्री लांडगा कोणत्या बाजूने आला, हे त्यांना पुस्तकावाचून कळते. माडगूळकरांच्या लेखनात ही जाण पानोपानी दिसते. त्याच वर्षी ते पुण्यास आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात रुजू झाले आणि दीर्घकाळ तेथे राहिले.

तरुणपणी माडगूळकर शिकार करीत. त्या काळी शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती. वन्य जीवांच्या संरक्षणाचा देशव्यापी कायदा १९७२ साली झाला. शिकाऱ्याला माग काढता यावा लागतो, वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते, जनावर पाण्यावर केव्हा येते हे ठाऊक असावे लागते. या विद्या काही लहान नव्हेत. मात्र शिकाऱ्याचे पाहणे गोळी सुटताच संपते. पुढे माडगूळकरांनी बंदूक खाली ठेवली आणि दुर्बीण व टिपणवही हाती घेतली. माग काढण्याची विद्या तीच राहिली, पण आता जनावर चालत राही आणि पाहणारा त्याच्या मागे जाई. विदर्भातील नागझिरा अभयारण्यात ते काही दिवस जाऊन राहिले. पायी हिंडले, झाडाआड बसून राहिले, जे दिसले ते लिहिले आणि चितारले. त्यातून 'नागझिरा' हे पुस्तक सिद्ध झाले.

त्यांची खरी कसोटी वानरांनी घेतली. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर टोळ्या करून राहतात. पुष्कळ टोळ्यांत एकच बलदंड नर सत्ता चालवितो. बाकी माद्या आणि पिले. टोळीबाहेरचे नर वेगळे हिंडत असतात. त्यांतील एखादा प्रबळ झाला, की तो जुन्या नरावर चाल करून जातो. जुना हरला तर त्याला टोळी सोडावी लागते. मग जे घडते ते पाहवत नाही. नवा नर पुष्कळदा दूधपिती पिले मारून टाकतो. माद्या पिलांना पोटाशी धरून पळतात, कधी एकजुटीने नरावर धावूनही जातात, परंतु त्यांचा निभाव लागतोच असे नाही. अंगावरचे पिलू गेले की मादी लवकर पुन्हा गर्भ धरते आणि नव्या नराचा वंश वाढतो, असे याचे कारण अभ्यासक देतात. १९६० नंतरच्या काही वर्षांत सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने धारवाडजवळच्या रानात असे प्रकार नोंदविले होते.

वानर हा आपल्याकडे मारुतीचा अवतार मानला जातो. अशा प्राण्याविषयी हे लिहिणे सोपे नव्हते. शिवाय आपल्या जुन्या गोष्टींतील वानर मगरीला फसविणारा, बोलका आणि शहाणा. माडगूळकरांनी वानरांना माणसांचे कपडे चढविले नाहीत आणि त्यांच्या क्रूरपणावर पांघरूणही घातले नाही. दयेने डोळे मिटले नाहीत, रागाने दोष दिला नाही. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सत्तांतर' या त्यांच्या छोट्या कादंबरीत रानातील हा सत्तेचा झगडा उभा आहे.

या पुस्तकास १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी अंबाजोगाई येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. २८ ऑगस्ट २००१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रानात हिंडताना काढलेली त्यांची पशुपक्ष्यांची रेखाचित्रे त्यांच्या पुस्तकांच्या पानांवर आजही पाहावयास मिळतात.