प्रशिक्षक स्वतः खेळलेला असावा का? खाशाबांची कारकीर्द काय सांगते

खाशाबा जाधव यांचा जन्म १९२६ चा, सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचा. पैलवान वडील दादासाहेब हेच त्यांचे पहिले वस्ताद. पुढे उचगावलगतच्या कोल्हापुरात, राजाराम कॉलेजात असताना, त्यांचे डाव आणखी मुरले. पण तेही मातीतलेच. मातीत चितपट झाली की निकाल; मॅटवर वेळेचे बंधन आणि पंचांचा कौल. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी ती कुस्ती त्यांना अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांनी शिकवली. खाशाबा फ्लायवेटमध्ये सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत बँटमवेटचे कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. डाव मातीतल्या वस्तादाने दिले. नियम बदलले तेव्हा मात्र मॅटवर लढलेला गुरू लागला.