पक्षिमित्र डॉ. सलीम अली

मुलांनो, विहिरीच्या काठी बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी तुम्ही पाहिली असतील. या पक्ष्याच्या संसाराचे कोडे ज्यांनी उलगडले, त्या डॉ. सलीम अली यांची ही गोष्ट आहे.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी सलीमला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे मिलार्डसाहेबांनी त्याला पेंढा भरलेले अनेक पक्षी दाखवले. तेव्हापासून त्याला पक्ष्यांचे वेड लागले.

पण वेडाने पोट भरत नाही. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात त्यांना नोकरी मिळाली नाही. पुढे मुंबईच्या संग्रहालयात काम मिळाले. रजा घेऊन ते जर्मनीत शिकायला गेले. १९३० साली परत येऊन पाहतात, तर ती जागाच रद्द झालेली!

तरी ते खचले नाहीत. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ते तासन्‌तास पाहत आणि वहीत टिपून ठेवत. नर अर्धे घरटे विणून थांबतो. मादी ते तपासते. तिला पसंत पडले, तरच तो ते पुरे करतो. मग तो दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणू लागतो. पुढे त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने त्याच संस्थानात होता.

आता गंमत पाहा. पदवी नाही म्हणून ज्यांना नोकरी नाकारली, त्यांच्याच हाताखाली मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे संशोधन करू लागले!

त्यांना केवळ पक्ष्यांचीच काळजी नव्हती. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडणार होते. दुर्मीळ सिंहपुच्छ वानरांचे ते घर. सलीम अलींनी धरणाला विरोध केला. अनेकांच्या प्रयत्नांनी जंगल वाचले आणि १९८४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. २० जून १९८७ रोजी सलीम अली वारले.

वानरांचा अभ्यास करणारे विद्यार्थीही असेच कळपाजवळ बसून पाहतात आणि टिपून ठेवतात. तुमच्या गावच्या चिंचेवर वानरे आली, तर दगड उचलण्याआधी वही उचला.

स्वाध्याय
१. सलीम अलींना नोकरी का मिळाली नाही?
२. एका पक्ष्याचे आठवडाभर निरीक्षण करा व पाच वाक्ये लिहा.