भूखंडांना चालते करणारा माणूस : आल्फ्रेड वेगेनर

आल्फ्रेड वेगेनर भूशास्त्रज्ञ नव्हता, हे मी वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थ्यांना नवल वाटते. त्याने डॉक्टरेट मिळविली ती खगोलशास्त्रात, नोकरी केली ती हवामानशास्त्राची, आणि जीव गुंतला तो ग्रीनलंडच्या बर्फात. भूगर्भाचा विषय त्याच्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरधनी होऊन बसला.

बर्लिनमध्ये १ नोव्हेंबर १८८० रोजी त्याचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक व प्राचीन भाषांचे शिक्षक. पाच भावंडांत हा धाकटा. थोरला भाऊ कुर्ट याच्याबरोबर एप्रिल १९०६ मध्ये तो फुग्यात बसून साडेबावन्न तास आकाशात राहिला. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. त्याच वर्षी एका डॅनिश मोहिमेबरोबर तो ग्रीनलंडला गेला. मोहिमेचा प्रमुख आणि दोन सोबती तिथेच मृत्यू पावले. दुसरा कुणी असता तर पुन्हा त्या दिशेला फिरकला नसता. वेगेनर आणखी तीनदा गेला.

१९१० च्या अखेरीस मारबुर्गला अध्यापन करीत असताना एक नवा नकाशासंग्रह त्याच्या पाहण्यात आला. ब्राझीलचा फुगवटा आफ्रिकेच्या खोबणीत बसेल, हे पूर्वीही काहींनी म्हटले होते. पुढच्या वर्षी त्याच्या वाचनात आले की, महासागराच्या दोन्ही काठांवर एकाच जातीच्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. त्या काळचे विद्वान याचा उलगडा जमिनीच्या पुलांनी करीत : पूर्वी पूल होते, मग ते समुद्रात बुडाले. वेगेनरला हे पटेना. भूखंडांचे खडक हलके, सागरतळाचे जड. पाण्यावर तरंगणारा ओंडका आपण होऊन तळाला कसा जाईल? त्यापेक्षा भूखंडच एकमेकांपासून दूर सरकले असतील, हे मत त्याने ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टच्या व्याख्यानात मांडले. पहिल्या महायुद्धात तो दोनदा जखमी झाला. सक्तीच्या विश्रांतीत लिहिलेले त्याचे पुस्तक १९१५ साली निघाले.

पुराव्यात आपला देशही आहे. ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीचे ठसे भारतातील कोळशाच्या थरांत आढळतात, तसेच आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिकातही. ओडिशातील तालचेरच्या खडकांत प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आहेत. त्या प्राचीन दक्षिण खंडाला गोंडवन हे नावच मुळी आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडले.

तरीही भूशास्त्रज्ञांनी त्याला धुडकावले. सर्वांनाच आकसखोर ठरविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. भूखंड कशाच्या जोरावर सरकतात याचे समाधानकारक उत्तर वेगेनरकडे नव्हते. पृथ्वीच्या फिरण्यातून व भरतीओहोटीतून मिळणारे बळ त्याने पुढे केले. ते फारच अपुरे असल्याचे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी गणिताने दाखविले. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकते असेही त्याचे मत होते. खरी गती सेंटीमीटरांत मोजावी लागते. १९२६ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत बहुतेक वक्ते त्याच्या विरुद्ध बोलले. प्राध्यापकपद मिळाले तेही जर्मनीबाहेर, ऑस्ट्रियातील ग्राझला, १९२४ साली.

सिद्धांताचे पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकतो. भूकवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे. ते घन असले तरी तापलेले असून, कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात संथपणे वाहते. ही कल्पना आर्थर होम्स यांनी वेगेनरच्या हयातीतच मांडली होती. १९६० नंतर सागरतळाचा अभ्यास झाला आणि मध्यसागरी पर्वतरांगांपाशी नवा तळ तयार होतो हे सिद्ध झाले. भूखंड एकटे सरकत नाहीत. भूकवच आणि प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून झालेले भूपट्ट सरकतात व भूखंड त्यांवर स्वार असतात. आपला भारतीय भूपट्ट असाच उत्तरेला निघाला. वाटेत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले. बेळगाव परिसरातला काळा पाषाण त्यांतलाच. पुढे आशियाशी टक्कर होऊन हिमालय उभा राहिला. वेगेनरची पत्नी एल्से १९९२ पर्यंत, शंभर वर्षे जगली; तिने हे सारे पाहिले.

वेगेनरची शेवटची मोहीम १९३० ची. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या मध्यावर, गेऑर्गी आणि झोर्गे हे दोघे निरीक्षणे घेत होते. त्यांच्याकडे हिवाळ्यापुरती सामग्री नव्हती आणि बिनतारी यंत्रही नव्हते. सामग्री पोचली नाही तर आपण परत निघू, असे त्यांनी कळविले होते. २१ सप्टेंबरला वेगेनर स्वतः लोव्हे व तेरा ग्रीनलंडवासी यांच्यासह कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघाला. थंडीने हैराण होऊन बारा जण वाटेतून परतले. ३० ऑक्टोबरला तिघे पोचले, तेव्हा बरोबर आणलेली सामग्री जवळजवळ संपली होती. लोव्हेच्या पायांची बोटे गोठून गेली होती. ती पुढे खिशातल्या चाकूने कापावी लागली. आणि त्या दोघांनी तर मिळेल त्यावर भागवून तिथेच हिवाळा काढण्याचे आधीच ठरविले होते! निरोप धाडण्याची सोय असती तर हा प्रवास टळला असता.

पाच जणांना पुरेल इतके अन्न नव्हते. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रस्मुस व्हिलुमसेन या विशीतल्या ग्रीनलंडवासी तरुणाला घेऊन परत निघाला. मागे राहिलेले तिघे वाचले. १२ मे १९३१ रोजी, सुमारे अर्ध्या वाटेवर, बर्फात रोवलेल्या स्कींखाली वेगेनरचा देह सापडला. बहुधा हृदय थांबून मृत्यू आला असावा. रस्मुसने देह नीट शिवून पुरला होता, खूण केली होती, आणि वेगेनरची रोजनिशी घेऊन तो पुढे गेला होता. तो आणि ती रोजनिशी पुन्हा कुणालाच सापडली नाहीत.