डॉ. मोहम्मद मुसद्दिक : कोर्टात जिंकले, पण जगाने साथ दिली नाही

मजलिसने निवडलेलं सरकार बाहेरच्या देशांनी पाडलं, तर बाकीचं जग काय करतं? हे समजून घ्यायचं असेल तर इराणचे पंतप्रधान डॉ. मोहम्मद मुसद्दिक यांचं आयुष्य वाचावं. आपल्या वर्तमानपत्रांत त्यांचं नाव मोसादेघ असंही छापलं जातं.

त्यांचा जन्म १८८२ साली तेहरानमध्ये झाला. आई काजार राजघराण्यातली, वडील सरकारी खजिन्याचे अधिकारी. पॅरिस आणि नंतर स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल इथे त्यांनी शिक्षण घेतलं. कायद्यातल्या डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो शिया फिकहमधल्या वसीयतीचा. १९२५ मध्ये रझा खान शाह बनत होता, तेव्हा मजलिसमध्ये उभं राहून विरोध करणारे जे मोजके सदस्य होते, त्यांत मुसद्दिक होते. पुढे त्यांना तुरुंगही पाहावा लागला.

त्या काळी इराणचं तेल अँग्लो-इराणियन कंपनीच्या ताब्यात होतं आणि तिचे बहुसंख्य शेअर ब्रिटिश सरकारकडे होते. आबादानची रिफायनरी तेव्हा जगातली सर्वात मोठी. पण इराणला मिळणाऱ्या रॉयल्टीपेक्षा ब्रिटिश तिजोरीत जाणारा कर जास्त होता. कंपनीचे हिशेब तपासायचा हकही इराणला नव्हता. मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि एप्रिलमध्ये मुसद्दिक पंतप्रधान झाले.

ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घातला, पैसे गोठवले आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रसंघात नेलं. आजारी मुसद्दिक स्वतः न्यूयॉर्कला गेले आणि सुरक्षा परिषदेत आपली बाजू मांडली. परतताना कैरोत लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. जुलै १९५२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की, हा खटला आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही. म्हणजे इराण जिंकला. विशेष म्हणजे ब्रिटिश न्यायाधीश मॅकनेअर यांनीही आपल्या देशाच्या विरोधात मत दिलं.

पण निकालाने गिऱ्हाईक मिळत नाही. इराणचं तेल घेऊन निघालेलं रोझ मेरी जहाज ब्रिटिशांनी एडनला वळवलं. १९५३ मध्ये इदेमित्सू या जपानी कंपनीने मात्र हिंमत केली आणि तिचं निश्शो मारू जहाज आबादानहून तेल घेऊन जपानला पोहोचलं. तरीही तिजोरी रिकामी होत गेली. आयतुल्ला काशानींसारखे साथीदार दुरावले. मजलिस बरखास्त करायला मुसद्दिक यांनी सार्वमत घेतलं. त्यात हो आणि नाहीसाठी मतपेट्या वेगळ्या ठेवल्या होत्या. मत गुप्त राहिलं नाही, हा आक्षेप रास्तच होता.

ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकेची सीआयए आणि ब्रिटनची एमआय-६ यांनी डाव टाकला. वर्तमानपत्रांना पैसे चारले, भाडोत्री जमाव आणले, लष्करी अधिकारी फोडले. पहिला प्रयत्न फसला आणि शाह मोहम्मद रझा बगदादमार्गे रोमला पळाला. १९ ऑगस्टला रणगाडे रस्त्यावर आले, मुसद्दिक यांच्या घरावर तोफा डागल्या गेल्या आणि जनरल झाहेदी पंतप्रधान झाला.

आता जगाची प्रतिक्रिया बघा. अमेरिकेने तीन आठवड्यांच्या आत ४.५ कोटी डॉलरची मदत नव्या हुकूमतीला जाहीर केली. ब्रिटनने डिसेंबरमध्ये राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. शेजारी सोव्हिएत रशिया हलला नाही. युद्धकाळातलं इराणचं अकरा टन सोनं त्याच्याकडे देणं होतं. ते मुसद्दिक यांना मिळालं नाही, पण १९५५ मध्ये शाहच्या सरकारला मिळालं. ज्या सुरक्षा परिषदेत तेलाच्या कंपनीसाठी बैठक भरली होती, तिथे सरकार पाडल्याबद्दल बैठक भरलीच नाही.

१९५४ मध्ये तेलाची वाटणी झाली. जुन्या ब्रिटिश कंपनीला ४० टक्के, अमेरिकन कंपन्यांना ४०, शेलला १४ आणि फ्रेंच कंपनीला ६. नफ्यातला अर्धा वाटा इराणला मिळाला, पण ताबा मिळाला नाही.

मुसद्दिक यांच्यावर लष्करी कोर्टात खटला चालला. तीन वर्षं कैद भोगल्यावर त्यांना तेहरानच्या पश्चिमेला अहमदाबाद नावाच्या गावी नजरकैदेत ठेवलं गेलं. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना गोळ्या घालण्यात आल्या. ५ मार्च १९६७ रोजी मुसद्दिक यांचं निधन झालं. जुलै १९५२ मध्ये त्यांच्या समर्थनार्थ रस्त्यावर उतरून मारल्या गेलेल्या लोकांशेजारी दफन व्हावं, ही त्यांची इच्छा होती. कायद्याच्या डॉक्टरेटसाठी वसीयतीवर लिहिणाऱ्या या माणसाची स्वतःची शेवटची इच्छा शाहने नाकारली. त्यांना घरातच, जेवणाच्या खोलीत दफन केलं गेलं.

सीआयएची स्पष्ट कबुली देणारे कागद २०१३ मध्ये, साठ वर्षांनी, खुले झाले. तोपर्यंत शाहही गेला होता आणि त्याची राजवटही. पण त्या ऑगस्टचा अविश्वास इराण आणि अमेरिकेमध्ये आजही आहे. आजच्या बातम्या वाचताना तो लक्षात ठेवावा.